शहाण्णवव्या पानानंतर

पुस्तकाला कव्हर नव्हतं, म्हणून लेखकही नव्हता.
मी बार्जवर कंटाळतो म्हणून बाबांनी
मडगावच्या बाजारातून सुक्या बांगड्यांसोबत आणलं,
आठ आण्याला.

बार्ज म्हणजे 'सांता रिटा'.
सावर्ड्याला माती भरायची, मुरगावला ओतायची.
बाबा स्वयंपाकी, मी सुट्टीतला भांडीवाला,
आणि सुकाणूवर इनास,
एकेकाळचा आफ्रिकेच्या बोटीवरचा तारवटी.
चार भाषांत शिव्या येत त्याला, अक्षर एकाही भाषेत नाही.
त्याचा कुत्रा पिलोत.
जुवारीचा एक शिंतोडा उडाला तरी
इंजिनरूममध्ये पळणारा.

रात्री बोरीच्या पुलाखाली नांगर टाकून
आम्ही भरतीची वाट बघायचो.
बल्बभोवती किडे, नखांत लाल धूळ,
आणि मी मोठ्याने वाचायचो:

"'थांब, नराधमा!' कॅप्टन यशोधर गरजला.
त्याच क्षणी त्याच्या इमानी वज्राने
तोंडात सुरा धरून खवळलेल्या सागरात उडी घेतली!
वर विजा होत्या. खाली शार्क होते. आणि मधे"

मधे काही नव्हतं.
पान शहाण्णव.
पुढचा सोळा पानांचा जुडगा
कुणीतरी शेंगदाण्यांना वापरला होता.

"मागीर?" इनास म्हणाला.

मी बारा वर्षांचा. मरण मला भारी वाटायचं.
पुस्तक तसंच डोळ्यांसमोर धरून
मी वज्राला मारून टाकलं,
शार्कच्या जबड्यात, धन्याचं नाव घेत.
कुत्रा नाव कसं घेईल, हे कुणी विचारलं नाही.

इनासने अर्धी विडी विझवली.
दुसऱ्या दिवशी तो जेवला नाही.
बाबा कालवण पुन्हा पुन्हा चाखून बघत राहिले.
आणि पिलोतला त्याने
दोरखंडाने केबिनच्या दाराशी बांधून घातलं,
पाण्याला एवढ्या भिणाऱ्या पिलोतला,
जणू आता तोच उडी घेणार होता.

तिसऱ्या रात्री मी जाहीर केलं:
ते खोटं होतं. खरी पानं आता सापडली,
पिठाच्या डब्यामागे.

पानं म्हणजे मातीच्या वजनाच्या पावत्या.
मागची बाजू कोरी, त्यावर माझं पेन्सिलीतलं गिचमिड.
वज्र पाण्यातून वर आला. सुरा अजून तोंडात.
कॅप्टनची कॉलर ओढत सात मैल पोहला.
बेटावर पोचल्यावर त्याला
हुमण-भात मिळाला, पोटभर.
हुमण ऐकून इनास हसला.

त्या हसण्याने माझा हात चुकला.
पावती उलटी झाली
आणि कंपनीचा निळा शिक्का त्याच्या नाकासमोर आला,
ज्याच्या शेजारी तो रोज अंगठा उठवायचा.

त्याने शिक्क्याकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.
मग पिलोतची गाठ सोडत म्हणाला,
"वाच. मागीर खंय गेलो तो?"

त्या रात्री मी एकोणीस पावत्या वाचल्या.
शेवटच्या चार कोऱ्या होत्या.

*

गेल्या वर्षी म्हापशाला, शुक्रवारच्या बाजारात
तेच पुस्तक दिसलं, कव्हरसकट.
उभ्या-उभ्या शेवटचा जुडगा वाचून काढला.
कॅप्टन वाचतो. नराधम बुडतो.
दिवाणांची मुलगी लाजून होकार देते.
पान एकशे बारा. समाप्त.

वज्राचं नाव कुठेच नाही.
उडी घेतली ती घेतलीच.
लेखक त्याला विसरून गेला होता
समुद्रात, तोंडात सुरा तसाच.

इनास जाऊन वीस वर्षं झाली.
पिलोत त्याच्याही आधी गेला,
म्हातारा होऊन, इंजिनाच्या उबेत,
कोरडा.

पुस्तकवाला म्हणाला, तीस रुपये.
पैसे दिले आणि त्याच्याच कानावरचं पेन मागून घेतलं.
'समाप्त'खाली दोन बोटं जागा होती.
हुमण बसलं नाही तेवढ्यात.
किनारा बसला.